काकींचं माप

“वेडं कोण न्हाय हितं. आळशी हायत सगळी. उठा, कांदं चिरा.”

कामाच्या पहिल्या दिवशी केंद्राच्या स्वयंपाकघरातून हे ऐकू आलं आणि मी दारातच थांबले. आत काकी होत्या. सबंध कोल्हापुरात रागावण्याची स्पर्धा लावली, तर पहिलं बक्षीस काकींनाच मिळेल, आणि ते द्यायला उशीर केला म्हणून त्या परीक्षकांवरही रागावतील. शाहूपुरीतल्या आमच्या केंद्रात मानसिक आजारातून सावरणारी, पण घरच्यांनी दार लावून घेतलेली मोठी माणसं राहतात. पुढे एकटं राहता यावं म्हणून त्यांना बाजारहाट, औषधांच्या वेळा, स्वयंपाक असं सगळं शिकवतात. स्वयंपाक काकींकडे. कागदपत्रं माझ्याकडे, कारण माझं इंग्रजी चांगलं आहे आणि माझा आवाज कुणाला ऐकू येत नाही.

काकींची उभी हयात साखर कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये गेली. त्यामुळे त्यांचा रस्सा आणि त्यांचा राग, दोन्ही शंभर माणसांना पुरून उरतात. मोजायचे कप-चमचे त्यांनी पहिल्याच आठवड्यात कपाटात कोंडले. “हात कशाला दिल्यात देवानं?” शिट्टीला उशीर झाला की त्या कुकरचं खानदान काढतात. ‘पेशंट’ हा शब्द त्यांच्यासमोर चालत नाही. एकदा एक देणगीदार कुजबुजले, “हे पेशंट सुरी हातात घेतात?” काकींनी सुरी त्यांच्याच हातात दिली. “पावणं, तुमी धरून दावा की.” त्यांनी किलोभर कांदे चिरले. जाताना ते डोळे पुसत होते, म्हणून त्यांच्या फोटोखाली कुणीतरी ‘भावुक क्षण’ असं लिहिलं.

मालनताई काकींच्या सगळ्यात लाडक्या, म्हणजे सगळ्यात जास्त बोलणी खाणाऱ्या. आई गेल्यावर भावाने घराचं कुलूप बदललं आणि मालनताई कित्येक महिने एसटी स्टँडवर झोपल्या. आता त्या औषधं न चुकता स्वतः घेतात आणि मन लावून रांधतात. जवळच त्यांना एक खोली मिळणार होती. तपासणीच्या साहेबांनी ‘एकटी राहू शकते’ एवढं लिहायचं होतं. नाही लिहिलं, तर केंद्रातली मुदत संपली की पुन्हा स्टँड.

साहेब आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, “चहा करून दाखवा. एक कप.”

मालनताईंनी मोठं पातेलं चढवलं. मुठीने साखर टाकली, आलं ठेचलं, उकळी आल्यावर गॅस बंद केला, ओटासुद्धा पुसला. चहा फक्कड झाला. पंचवीस माणसांचा. दुसरं माप काकींनी कधी शिकवलंच नव्हतं.

साहेब पोटभर हसले. मग फॉर्मवरच्या ‘प्रमाणाचे भान’ या रकान्यात लिहिलं, ‘नाही. एकटी राहण्यास अयोग्य.’ लिहिता लिहिता त्यांनी कप संपवला आणि दुसरा मागून घेतला.

आता पातेलं उडणार, असं वाटून मी काकींकडे पाहिलं. त्या ओट्याला टेकून आपल्या हातांकडे बघत होत्या. “म्याच शिकिवलं तिला तसं,” त्या म्हणाल्या. इतक्या लहान आवाजात त्यांना बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं, आणि पुन्हा ऐकायची इच्छाही नाही. मालनताईंना काय लिहिलं ते कळलं नव्हतं. त्या वरच्या मजल्यावरच्यांनाही चहा पोचला का, ते विचारत होत्या.

मला साहेबांचा राग आला. त्या रकान्याचा आला. फॉर्मचं भाषांतर करताना तो रकाना इंग्रजीतून मराठीत मीच आणला होता, म्हणून माझाही आला. साहेबांनी कागद साक्षीच्या सहीसाठी माझ्याकडे सरकवला. मी पेनाला टोपण लावलं.

“मी यावर सही करणार नाही, सर,” मी म्हणाले. “मी इथे शाहूपुरीतच एकटी राहते. मला एका माणसाचाही चहा करता येत नाही. खोली देताना मला कुणी काहीच करून दाखवायला लावलं नव्हतं.”