वार्षिक बैठकीतल्या निधन वार्ता

"मेलेल्या माणसापायी जागा वाया जाते म्हणता? जिभेला काही हाड हाय का न्हाई?"

आमच्या पेपरचा जळकोटचा वार्ताहर लातूरच्या वार्षिक बैठकीत असा ओरडला, की तिकडं अर्धापूरची कच्ची केळी झाडावरच पिकली असतील. मालक नुकतेच सांगून बसले होते, की यंदा विक्रमी नफा झाला, खेड्यांशी आपली नाळ घट्ट आहे, आणि जागा वाया जाते म्हणून उद्यापासून खेड्यांतल्या निधन वार्ता फुकट छापायच्या नाहीत.

या माणसाला मी वीस वर्षं ओळखतो. समोर कुणी नुसतं खोकललं, तरी तो खिशातला पेन काढतो आणि लेकी किती, जावई कुठले, विचारून ठेवतो. त्याच्या बातमीत एकाही जावयाचं गाव चुकत नाही. ती वाचूनच लांबचे सोयरे राख सावडायला वेळेवर पोचतात.

"आमच्याकडच्या बाईचं नाव जन्मात एकदा पेपरात येतंय साहेब, तेबी मेल्यावर. तेवढंबी काढून घेता?" म्हणत त्यानं माईक ओढला आणि त्या दिवशी तालुक्यात वारलेल्यांची नावं वाचायला लागला. पहिल्याच नावाला अख्खा हॉल उठून उभा राहिला. मालकसुद्धा मान खाली घालून उभे राहिले. नफ्याच्या आकड्याला एवढा मान मिळाला नव्हता.

यादी संपल्यावर त्यानं हळूच विचारलं, "मग साहेब, ही नावं उद्या छापून येतील ना?"

"जाहिरात विभागात दर विचारा," मालक म्हणाले.