लाल रिबिनींची मैना

दुकानात पाऊल टाकलं की सुरेखा आधी वेण्या सोडायची. लाल रिबिनी ओढून काढायची, माझ्या शिलाई मशीनच्या कोपऱ्यावर टाकायची आणि पडद्यामागच्या स्टुलावर बसत म्हणायची, "काकू, आता घडीभर मी कुनीच न्हाई." मग गिऱ्हाइकांच्या ब्लाउजना हुका लावत, खालच्या पट्टीत काहीबाही गुणगुणत बसायची. आवाज चांगला भरदार होता तिचा. पडद्याबाहेर बाजाराला आलेल्या बाया माझ्याशी शिलाईवरून हुज्जत घालत असायच्या. आपल्या ब्लाउजला मोराच्या गाण्याची मैना हुका लावतेय, हे त्यांच्या स्वप्नातही नसायचं.

तिचे वडील, आप्पा, केज–बीड वडाप जीप चालवायचे. जीप भरेपर्यंत उतारू कंटाळू नयेत म्हणून चौदा वर्षांची ही पोर पुढच्या सीटवर बसून मोराचं गाणं म्हणायची. आप्पांनी एकदा ते मोबाइलमध्ये धरलं, आणि महिनाभरात ते अख्ख्या जिल्ह्याच्या मोबाइलमध्ये जाऊन बसलं. सुरेखाची मैना झाली. पुढाऱ्यांचे वाढदिवस, जत्रा, हळदी, दुकानांची उद्घाटनं; मैनेशिवाय मांडव हलेना. दोन वेण्या, लाल रिबिनी आणि खणाचा परकर-पोलका हा मैनेचा वेश ठरला. तिचा पहिला परकर-पोलका मीच शिवला. वाढत्या पोरीचं कापड शिवताना शिवणीत आत माया, म्हणजे जादा कापड, ठेवायची आणि घेराला खालून दुमड घालायची, ही आमची रीत. पोर वाढली की उसवून सोडायचं. मी तसंच केलं होतं.

पण पुढच्या वर्षी तिचे चुलते बाबासाहेब आले. कार्यक्रमांच्या तारखा तेच घ्यायचे, पुतणीच्या मागेपुढेही तेच असायचे. म्हणाले, "ताई, दुमड सोडू नका. छातीत जरा आवळून घ्या. पोरगी मोठी दिसली की धंदा बसला." कपडे मोठे करून मागणारी गिऱ्हाइकं मी जन्मभर पाहिली, पोरीलाच लहान करा म्हणणारं हे पहिलंच. मी बडबडले, पण शिवून दिलं. पोरगी दर वर्षी वाढत राहिली आणि परकर तेवढाच राहिला.

तिचा आवाजही बदलला. कोवळेपणा जाऊन त्यात खर्ज आला. मला तो फार आवडायचा, पण लोकांना आधीचाच हवा होता. मग स्टेजवर जुनं रेकॉर्डिंग लावायचे आणि सुरेखा नुसते ओठ हलवायची. एकदा हुक लावता लावता म्हणाली, "काकू, मी चौदा वर्सांच्या पोरीची चाकरी करते बघा. गाती ती, घामाघूम व्हते मी." आणि हसली. तिचं हसू मला कधीच बघवलं नाही.

जिवाभावाच्या मैत्रिणीच्या लग्नात तिला करवली म्हणून मिरवायचं होतं. माझ्याकडून साधी मोरपंखी साडी नेसून गेली, केस मोकळे सोडून. अक्षता पडल्या न पडल्या तोच कुणीतरी ओळखलं. नवऱ्याच्या मामानं हाताला धरून स्टेजवर नेलं, पोरांनी मोबाइल उगारले आणि नवरी बिचारी एकटीच बसून राहिली. मैत्रीण पुढे कधी बोलली नाही तिच्याशी. "लोकांला मैना लागती काकू," ती म्हणाली, "सुरेखा कुनालाच नको."

विसाव्या वर्षी तिनं हिय्या केला आणि आप्पांना सांगितलं, मला हे सोडायचंय. आप्पा भला माणूस. गाणं जीपमध्येच ठेवलं असतं तर बरं झालं असतं, असं म्हणून रडले आणि दिवाळीनंतर सगळं बंद करायचा शब्द त्यांनी दिला. ती धावत मला सांगायला आली. त्या दिवशी ती रिबिनी दुकानातच विसरली. दिवाळीच्या आतच आप्पा गेले. स्टिअरिंगवरच छातीत कळ आली.

दहाव्याला मीही नदीवर गेले होते. पिंड मांडले, पण कावळा शिवेना. लिंबावर बसून नुसता बघत राहिला. मग आपल्यात करतात तसं सुरू झालं, एकेकानं पुढे होऊन मेलेल्या माणसाला शब्द द्यायचा. कुणी म्हणालं जीप विकणार नाही, कुणी म्हणालं आईला सांभाळू. कावळा ढिम्म. शेवटी बाबासाहेबांनी हात जोडले. "आप्पा, घोर करू नको. मैनाचं गानं बंद पडू देनार न्हाई. शबुद हाय माझा." आणि कावळा खाली आला. पिंडाला चोच लागली. "बघा, बापाचा जीव गान्यात अडकला व्हता!" कुणीतरी म्हणालं. सगळी मंडळी गहिवरली. सुरेखा माझ्या शेजारी उभी होती. तिनं तोंड उघडलं, "पन आप्पा तर..." आणि मिटलं. कावळ्यानं साक्ष दिल्यावर पोरीचं कोण ऐकतंय? कावळा उडून गेला आणि पोरगी अडकली. मला त्या घाटावरच्या एकूण एक माणसाचा संताप आला होता.

त्यानंतर ती एकदाच आली, पुढचा परकर न्यायला. वेण्या सोडल्या, स्टुलावर बसली. म्हणाली, "कावळ्याला भूक लागली व्हती काकू. दुसरं काय?" थोड्या वेळानं म्हणाली, "तुमी माझ्या दहाव्याला याल?"

"कावून असलं अभद्र बोलतीस गं?"

"आलात तर येवढंच म्हना. सुरेखा, आता मैना होऊ नको. कावळा लगीच शिवंल."

मी कात्री खाली ठेवली. तिचा चेहरा ओंजळीत धरून मी म्हणाले, "त्याला दहावा कशाला पायजे? आत्ताच म्हनते. सुरेखा, आता मैना होऊ नको, माय." ती माझ्या कमरेला मिठी घालून रडली, लहान लेकरासारखी. बाहेर बाबासाहेबांच्या गाडीचा हॉर्न वाजला. तिचा हात आपोआप रिबिनींकडे गेला. तिनं वेण्या करकचून बांधल्या, डोळे पुसले आणि गेली. पुढचे कपडे पुण्याहून यायला लागले.

परवा पलीकडच्या मंगल कार्यालयात मैना आली होती. लाउडस्पीकरवर मोराचं गाणं लागलं तशा दुकानातल्या बाया माना डोलवायला लागल्या. "आवाज कसा जशाला तसा हाय बघा पोरीचा," एक जण म्हणाली. मी मशीन चालवत राहिले. सुरेखाचा आवाज कसा आहे, ते अख्ख्या केजमध्ये आता मला एकटीलाच ठाऊक आहे.