कौल घेऊन निघालेली

निघायच्या दिवशी सकाळी आई मला चोपड्यातल्या देवळात घेऊन गेली, पण आत नेलं नाही. "तू बाबांकडे गाडीत बस," म्हणाली. आमच्याकडे विहीर खणायची असो की सोयरीक जुळवायची, आधी कौल लावतात. गुरव देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवतो. उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. बऱ्याच वेळाने आई बाहेर आली, माझ्या केसांत फूल खोवलं आणि म्हणाली, "उजवो दिलो गो देवान. वच सुखान." गोव्यातला मोप्याचा विमानतळ आमच्याच तालुक्यात.

चोपडेकरांनो, आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनो, तुम्हाला वाटतं मी जर्मनीत मेंदू कापते. कापत नाही हो! माणसांच्या डोक्यावर तारांची टोपी घालते, समोर दोन बटणं ठेवते आणि निर्णय घेताना त्यांच्या मेंदूत काय चालतं ते बघते. माझा प्रयोग आपल्या देवळातूनच सुचला: निर्णय दुसऱ्याने दिला की मेंदूचा भार हलका होतो का? कल्पना माझी. टोप्या धुण्यापासून आकडेमोडीपर्यंत तीन वर्षं राबले तीही मीच.

इथे प्रोफेसरला नावाने हाक मारतात. सुरुवातीला मला केवढं अप्रूप! पण नावाने हाक मारली म्हणून कोणी बरोबरीचा होत नाही. त्याने सही केली तर माझा करार वाढणार, करार असेल तर व्हिसा, व्हिसा असेल तर ही एका खिडकीची खोली. म्हणून बैठकीत त्याने मला मध्येच तोडलं तरी मी हसते, रविवारी काम दिलं तरी 'नक्की' म्हणते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि वर आभाराची मेल.

गेल्या महिन्यात शोधनिबंध तयार झाला. पहिलं नाव त्याच्या लाडक्या विद्यार्थ्याचं, ज्याला टोपीची पुढची बाजू कुठली हेही मला विचारावं लागायचं. माझं नाव चौथं. "तुला अजून खूप संधी आहेत," प्रोफेसर गोड हसून म्हणाला, आणि लगेच कराराची आठवण करून दिली. मग नियतकालिकाची मेल आली: नावांचा क्रम मान्य आहे की मान्य नाही? खाली दोन बटणं. चार दिवस मी त्यांच्यापुढे बसून काढले. म्हणे निर्णयांची अभ्यासक, कपाळ माझं!

शेवटी आईला फोन लावला. "आई, कौल लाव ना. मला ठरवता येत नाही. मागे देवाने उजवा दिला होता, आताही सांगेल."

आई म्हणाली, "बाय, तेव्हा डावी पाकळी पडलेली. तुका सांगूक नाय."

मी हबकलेच. विहिरीसाठी तीनदा कौल लावणारी बाई ही! "मग खोटं का बोललीस?"

"तुजी बॅग भरलेली. तुजा तोंड बघलंय. देवाक म्हटलंय, रागवायचा तर माज्यार रागव, पण ह्या खेपेक तू माजा आयक."

तीन वर्षं ती दर सोमवारी देवापुढे नारळ ठेवते, हे मला माहीत होतं. माझ्या यशासाठी असेल, असं आम्ही धरून चाललो होतो. तो माफीचा होता.

मी रडले, अगदी हुंदके देऊन. तिने साक्षात देवाला नाही म्हटलं, आणि मला एका माणसाला म्हणता येत नव्हतं! फोन चालू असतानाच मी 'मान्य नाही' दाबलं.

आता प्रोफेसर माझ्या नमस्काराला उत्तर देत नाही. करार महिनाअखेरीला संपतो, सही झालेली नाही. कदाचित परत यावं लागेल. हात हलवत आली म्हणाल, तर म्हणा. इतकी वर्षं मी घर उंड्या पावांच्या आणि सुंगटांच्या, म्हणजे कोळंबीच्या, हुमणाच्या आठवणीत शोधत होते. माझं घर म्हणजे देवाचा नकार पोटात ठेवून माझ्या केसांत फूल खोवणारी ती बाई. आले, तर त्या सोमवारचा नारळ मी ठेवीन आणि देवाला सांगेन, आता हिला सोड, यापुढे काय ते माझ्यावर रागव.