माठाखालची वाळू

माझ्या पीएचडीच्या प्रबंधात अगदी शेवटी, परिशिष्टात, एक ओळ आहे. ती खोटी आहे आणि मीच लिहिलेली आहे. लिहिताना हात थरथरला, डोळे भरून आले असलं काही झालं नाही. चहा पीत पीत टाइप केली, स्पेलिंग तपासलं आणि पुढच्या पानावर गेले.

आधी विषय सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. हायड्रोजन हे उद्याचं इंधन, असं हल्ली जो उठतो तो म्हणतो. जळला की धूर नाही, मागे उरतं ते पाणी. पण साठवायचा कुठे? टाकीत कोंबायचा तर भयंकर दाब द्यावा लागतो, द्रव करायचा तर भयंकर गारठवावा लागतो. तिसरा मार्ग धातूचा. काही धातू हा वायू स्वतःत मुरवून घेतात, आणि मॅग्नेशियम त्यात फार खादाड. मूठभर राखाडी पूड दोन-चार घागरी वायू पोटात घालून शांत बसते. अडचण अशी, की एकदा घेतलेला सोडत नाही. तीनशे अंशांपर्यंत तापवावं तेव्हा कुठे सोडते. तिच्यात थोडं निकेल घालून, पोलादी गोळ्यांच्या डब्यात तासन्‌तास घुसळून काढलं, तर हे घेणं-सोडणं जरा लवकर होतं. निकेल किती आणि घुसळायचं किती, एवढ्याच प्रश्नावर माझी सात वर्षं गेली.

आणि ती आदिलाबादला गेली हे ऐकलं की हैदराबादचे लोक माझ्याकडे कीव आल्यासारखं बघायचे. मी इथल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. माझ्या गाइडनी त्यांच्याकडची जुनी बॉल मिल, म्हणजे ही पूड घुसळायचं यंत्र, मला वापरायला दिली होती. ती मी प्रयोगशाळेमागच्या खोलीत बसवली. तयार नमुने मोजायला मात्र हैदराबादला न्यावे लागत, आणि तिथल्या यंत्रावर आपली पाळी महिना-महिना येत नसे. त्या पाळीपायी मी माणसांवर खेकसायला शिकले.

सगळ्यात जास्त खेकसले ती आमच्या अटेंडरवर. मी त्यांना काका म्हणायचे. गावाला लागून असलेल्या मावल्याहून सायकलनं यायचे, बत्तीस वर्षं त्याच प्रयोगशाळेत होते. बाटलीचं लेबल न बघता आत काय आहे ते सांगायचे. मिलचा आवाज जरा बदलला की मी मान वर करायच्या आधी ते उठलेले असायचे. ‘गोळी अटकून राह्यली, मॅडम, बंद करा,’ म्हणायचे, आणि खरोखरच अडकलेली असायची. निवृत्तीला आठ महिने उरले होते. ‘माह्या सर्व्हिस बुकात लाल शाई नाई,’ हे वर्षातून दहादा ऐकवायचे. एक मेमो नाही, एक ठपका नाही. तसंच कोरं सर्व्हिस बुक घेऊन घरी जायचं, एवढीच त्यांची हौस होती.

त्यांचे वडील माझ्या आजोबांच्या शेतात सालदार होते. आमच्या घरी त्यांना पाणी मिळायचं ते वरून, ओंजळीत. हे मला माहीत होतं, आणि म्हणूनच काकांनी भरलेल्या माठातलं पाणी मी सगळ्या स्टाफसमोर ऐटीत प्यायचे. आपण केवढं मोठं काम करतो आहोत, असं मला वाटायचं. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

त्या मे महिन्यात माठाची तिवई मोडली. आमच्या भागात माठ ओल्या वाळूवर ठेवतात. दिवसातून दोनदा वाळूवर पाणी मारायचं, की आतलं पाणी दात शिवशिवतील इतकं गार. घरोघरी हेच चालतं, त्यात कुणी शहाणपण शोधायला जात नाही. खोलीच्या दाराशी आगीसाठी ठेवलेली लाल बादली होती, काठोकाठ कोरड्या वाळूनं भरलेली. माठाचं बूड तिच्यात नेमकं बसलं असतं.

‘काका, यावर ठेवा ना माठ,’ मी म्हटलं.

‘ते आगीची वाळू आहे, मॅडम. ओली होऊन जाईल ना.’

‘इतक्या वर्षांत लागली का कधी आग? ठेवा.’

त्यांनी ठेवला. रोज सकाळी आणि दुपारी न चुकता वाळूवर पाणी मारू लागले, कारण एकदा सांगितलेलं काम अर्धवट करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. जळत्या मॅग्नेशियमवर पाणी पडलं की त्यातून हायड्रोजन सुटतो आणि भडका उडतो, हे मला ठाऊक नव्हतं का? मी ते वर्गात शिकवते. दोन मार्कांना विचारते. पण ते फळ्यावरचं पाणी होतं आणि हे माठाखालचं. महिनाभर मी त्या माठातून पाणी प्यायले आणि माझ्या डोक्यात काही म्हणजे काही आलं नाही.

महिनाअखेर हैदराबादहून निरोप आला, एकाची पाळी रद्द झाली आहे, उद्या सकाळी नमुना घेऊन या. मिल चालूच होती. ही पूड हवेत उघडायची नसते, आर्गॉन वायू भरलेल्या पिशवीत हात घालून उघडायची असते. आर्गॉनचं सिलिंडर संपलेलं होतं. डबाही निवू द्यायचा असतो, निदान तासभर. दुपारची बस गाठायची होती. मी डबा हातमोजे घालून तसाच टेबलावर घेतला आणि झाकण फिरवलं. काका म्हणाले, ‘गरम आहे अजून.’ मी म्हटलं, ‘मला कळतं.’

पुडीचा थोडा भाग टेबलावर सांडला आणि काठाकडून पेटला. पिवळी ज्योत नाही, आवाज नाही, नुसता पांढरा उजेड टेबलावर पसरत चालला. मी दाराकडे पळाले आणि बाहेरून ओरडले, ‘वाळू! काका, वाळू टाका!’

काकांनी आधी माठ उचलला. घाई असताना तो आपटून फोडला नाही, दोन्ही हातांनी उचलून भिंतीशी ठेवला. मग बादलीत हात घातला, आणि माझ्याकडे पाहिलं. ते काय विचारत होते ते मला तेव्हाही कळलं होतं. मी पुन्हा ओरडले, ‘टाका ना!’

त्यांनी सगळी बादली ओतली. मी दाराआड होते म्हणून वाचले. नंतर खोलीत गेले तेव्हा माठ भिंतीशी जसाच्या तसा होता.

त्यांना आधी इथल्या दवाखान्यात आणि मग नागपूरला नेलं. चेहऱ्याची कातडी दोन-तीन महिन्यांत भरून आली. डोळे दोन्ही गेले.

कॉलेजनं चौकशी समिती नेमली. तीन जण होते, शिवाय विभागाची म्हणून मी. काकांचं बयान घ्यायला आम्ही मावल्याला त्यांच्या घरी गेलो. दोन खोल्या, समोरच्या भिंतीवर निळ्या कोटातली तसबीर, तिच्याखाली फळी, फळीवर त्यांच्या मुलीची पुस्तकं. काका खाटेवर ताठ बसले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. मुलगी आत चहा करत होती. ती सरकारी शाळेत शिक्षिका आहे.

समितीचा खरा प्रश्न एकच होता, तो मधल्या गृहस्थांनी विचारला. आगीच्या वाळूवर माठ कुणी ठेवला? ज्यानं ठेवला त्याच्यावर ठपका बसणार होता. माझ्यावर बसला असता तर ती खोली बंद झाली असती, मिल परत गेली असती आणि पीएचडी बुडाली असती. हे मी आदल्या आठवड्यात शंभरदा मनात घोळवलं होतं. सांगायचंच, असं ठरवूनही आले होते. आणि आता मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते.

‘मीच ठेवला, सर,’ काका म्हणाले. ‘मॅडमले काई माहीत नव्हतं.’

मी मूग गिळून बसले. क्लार्कनं कागद लिहून काढला आणि शाईचा पॅड पुढे केला. काकांना त्याचा वास आला असावा.

‘अंगठा नाई,’ ते म्हणाले. ‘अंगठा माह्या बापानं देल्ला. मी सही करतो.’

क्लार्कनं त्यांच्या हातात पेन दिलं, हात कागदावर नेऊन टेकवला. सही वाकडी निघाली, वर चढून लिहिलेल्या ओळींवर गेली. ‘बरोबर आली का?’ त्यांनी विचारलं. क्लार्क हो म्हणाला.

बाकीचे चपला घालत होते तेव्हा मी खाटेजवळ गेले. काय बोलणार होते कोण जाणे. त्यांनीच हळू आवाजात सांगितलं, ‘तुमचं शिक्षण अर्ध्यात नाई राह्यलं पाह्यजे, मॅडम. आमच्यात ते पाप समजतेत.’ मला रडू आलं नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. बाहेर येऊन मोठा श्वास घेतल्याचं आठवतं.

काकांना मेमो मिळाला, त्याची नोंद सर्व्हिस बुकात झाली, आणि त्याच नोंदीवर ते निवृत्त झाले. निरोप समारंभाला ते आले नाहीत. मी पुढचे नमुने व्यवस्थित केले, आर्गॉन असल्याशिवाय डब्याला हात लावला नाही. पूड वायू चांगला घेऊ लागली, आधीपेक्षा कमी वेळात सोडूही लागली. प्रबंध लिहून झाला तेव्हा गाइड म्हणाले, झालेला अपघात परिशिष्टात नोंदव, दुसऱ्यांना उपयोग होईल. मग मी ती ओळ लिहिली. इंग्रजीतली ती ओळ मराठीत अशी होईल: ‘सहाय्यक कर्मचाऱ्यानं कोणतीही सूचना नसताना आगीच्या वाळूवर पाण्याचा माठ ठेवल्यामुळे वाळू दमट झाली होती.’ चौकशीच्या कागदावर तेच होतं, मी फक्त उतरवलं, असं तेव्हा मनाला सांगितलं.

डिग्री मिळाली. कॉलेजनं सत्कार केला, शाल आणि निर्मल गावच्या कारागिरांनी रंगवलेलं एक चित्र दिलं. आठ दिवसांनी काकांचा निरोप आला, पुस्तक झालं म्हणे, घेऊन या, हातात धरून पाहतो. मी खुशीत गेले. आभाराच्या पानावर त्यांचं नाव मी पहिल्या पाचांत घातलं होतं, तेवढंच माझ्या डोक्यात होतं. परिशिष्टात ती ओळही आहे हे मी खरोखर विसरले होते.

काकांनी प्रबंध दोन्ही हातांत घेऊन त्याचं वजन पाहिलं. ‘लय जड आहे,’ म्हणाले. मग विचारलं, ‘धरला का शेवटी त्या पुडीनं वायू?’

‘धरला, काका. आणि सोडते पण आता.’

‘चांगलं झालं.’ त्यांनी प्रबंध मुलीच्या दिशेनं धरला. ‘माहं नाव कुठं आहे, वाच.’

मुलीनं आभाराचं पान काढून वाचून दाखवलं, अर्थ सांगितला. काका हसले. भाजलेली कातडी हसताना एकाच बाजूला ओढली जात होती.

‘अन त्या दिवसाचं? त्याचं काई लिहलं का?’

‘थोडंसं आहे, शेवटी,’ मी म्हणाले, आणि म्हणता म्हणता ती ओळ मला आठवली. पुस्तक परत मागावं तर कोणत्या तोंडानं? मुलगी पानं उलटत होती. शाळेत ती इंग्रजीच शिकवते.

तिनं ते पान मनातल्या मनात वाचलं. एका जागी थांबली. वर बघितलं ते माझ्याकडे, बराच वेळ.

‘काऊन थांबली?’ काकांनी विचारलं.

‘वाचून राह्यले, बाबा.’ तिचा आवाज अगदी सरळ होता, वर्गात वाचावं तसा. ‘मॅडमनं लिहिलं आहे, आगीच्या वाळूवर माठ ठेवायला मीच सांगितलं. अटेंडर नको म्हणत होते, मी ऐकलं नाही. त्यांची काही चूक नव्हती.’

काकांचा चेहरा मी बसले होते त्याच्या जरा डावीकडे वळला.

‘काऊन लिहलं, मॅडम?’ ते म्हणाले. ‘डिग्री घेऊन घेतील ना ते लोकं.’ मग थोड्या वेळानं, ‘पण बरं केलं. लिहलं तं बरं केलं. मले रोज वाटे, कुठंतरी लिहून राह्यलं पाह्यजे.’

ते रडत होते. मी त्यांना त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं, नागपूरच्या दवाखान्यातसुद्धा नाही.

‘कोणत्या ओळीत आहे?’ त्यांनी मुलीला विचारलं. तिनं त्यांचा हात धरला, तर्जनी पानावर टेकवली आणि त्या ओळीवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवली.

‘इथं का, मॅडम?’

‘हो, काका,’ मी म्हणाले. ‘तिथंच.’