न मेलेली बाटली

काकूंचा विश्वास बसायला वर्षं लागत आणि उडायला एखादी चोरटी नजर पुरे होई. घरी नवरा शिंपी. तो म्हणे, आमच्याकडे खिशाआधी तोंडाची झडती होते. प्रयोगशाळेतले लोक म्हणत, काकू स्वतःच्या सावलीकडेही ओळखपत्र मागतील. काकूंना यात थट्टा कुठे आहे तेच कळत नसे.

विषाणूंच्या त्या प्रयोगशाळेत त्या पेशी सांभाळत. चपट्या बाटलीच्या तळाला पेशी चिकटून वाढायच्या आणि वर त्यांचं खाणं, गुलाबी पाणी. पाणी पिवळट झालं की जुनं काढायचं, नवं घालायचं. दुधात पाणी आहे का बघावं तशी काकू प्रत्येक बाटली उजेडाला धरून निरखत. पेशींची मात्र त्यांना खात्री होती. विषाणू घातला की त्या फुगून गोल व्हायच्या, तळ सोडायच्या आणि मरून पाण्यात तरंगायच्या. माणसं खोटं बोलतात, पेशी बोलत नाहीत, असं त्यांचं ठाम मत होतं.

म्हणून ती एक बाटली न मेल्यावर त्यांनी पेशींवर नाही, माणसावर बोट ठेवलं.

त्या खेपेला प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टरबाईंनी एका नव्या रुग्णाचा विषाणू एकाच बाटलीत घातला होता. जुना विषाणू घातलेल्या शेजारच्या सगळ्या बाटल्यांचे तळ ओस पडले आणि ही मात्र गच्च भरलेली. काकूंनी मायक्रोस्कोपला डोळा लावला. पेशी कशा अंगाला अंग लावून, धडधाकट. विषाणू घातलेली बाटली कुणीतरी फोडली असणार आणि चिठ्ठी काढून निरोगी बाटलीवर डकवली असणार. सांडलेला विषाणू लपवणं म्हणजे सगळ्यांच्या जिवाशी खेळ. तसं करणाऱ्याला डॉक्टरबाई त्याच दिवशी घरी पाठवत.

आणि ट्रे उचलून उबेच्या कपाटात ठेवायचं काम बेबीकडे होतं.

बेबी म्हणजे काकूंची नणंद. चाळिशी उलटली तरी घरात बेबीच. नवऱ्यानं सोडल्यावर ती भावाकडे आली आणि काकूंनीच शब्द टाकून तिला इथं लावलं. पहिल्याच आठवड्यात तिनं एक रिकामी बाटली फोडून काचा केराच्या डब्यात दडवल्या होत्या, ते काकू विसरल्या नव्हत्या. त्यात अलीकडे बेबी फोनवर हळू आवाजात बोलायची आणि काकू आल्या की गप्प व्हायची. काकूंनी दोन आणि दोन चार केले. घरी विचारलं तर भाऊ मध्ये पडेल, म्हणून त्यांनी सरळ डॉक्टरबाईंच्या खोलीत, बेबीच्या तोंडावर सांगितलं, की बाटली हिनं बदलली.

बेबी म्हणाली, "वहिनी, मी झाकणालासुद्धा हात लावला नाही."

"चोर कधी हो म्हणतो का?" काकू म्हणाल्या.

डॉक्टरबाई म्हणाल्या, रंग लावून बघू, तोवर बेबीनं घरी थांबावं. घरात तोवर भांड्यांचाच आवाज. शिंपी दोघींच्या मध्ये मान खाली घालून जेवायचा. बेबी वाढून द्यायची, काकू तिच्या हाताकडे बघत राहायच्या.

त्या रंगाची गंमत अशी, की तो फक्त विषाणूलाच चिकटतो आणि अंधारात हिरवा चमकतो. तपासणीच्या दिवशी डॉक्टरबाईंनी दिवा मालवून काकूंना जवळ बोलावलं. ज्या बाटलीत विषाणू घातलाच नव्हता ती काळी ठिक्कर. आणि ती न मेलेली बाटली हिरवीगार. एकही पेशी विषाणूच्या तावडीतून सुटली नव्हती.

"बाटली तीच आहे, काकू," डॉक्टरबाई म्हणाल्या. "विषाणू शिरलाय आणि पेशी जिवंत आहेत."

मग त्यांनी समजावलं. विषाणू आत आला हे कळलं की पुष्कळदा पेशी आपण होऊनच मरते, म्हणजे घुसलेल्याला आयतं घर मिळत नाही आणि शेजारणी वाचतात. काही विषाणू मात्र बेरकी निघतात. मरायला निघालेल्या पेशीचा ते हात धरतात. ती जगते, खाते-पिते, सगळं करते आणि पोरं मात्र त्यांची जन्माला घालते. नव्या रुग्णाचा विषाणू बहुधा त्यातलाच होता.

काकू मान हलवत होत्या, पण त्यांच्या डोळ्यांपुढे बेबीचा चेहरा होता. रजा न टाकताच त्या घरी निघाल्या.

बेबी पलंगावर पिशवी उघडून कपडे भरत होती. काकू दारातच म्हणाल्या, "चुकलं माझं. तू नव्हतीस."

"मला माहीत होतं ते." बेबीनं घडी मोडून पुन्हा घातली. "फोनवर खोलीचं बोलत होते. भाड्याची खोली बघितली आहे. दादाला वाईट वाटेल म्हणून सांगायचं टाळत होते. जावं की राहावं, ठरत नव्हतं."

"आणि आता?"

"आता ठरलं." तिनं पिशवीची चेन ओढली. "बाटलीवर संशय आला तर रंग घालून बघितलात. मला नुसतं विचारायचं होतं, वहिनी."

शिलाई मशीन थांबलं होतं. शिंपी दारात येऊन उभा राहिला. काकूंनी पिशवीचा एक बंद धरला. बेबीनं नको म्हटलं नाही. दोघी जिना उतरल्या. खाली आल्यावर बेबीनं पिशवी आपल्या खांद्याला लावली.

काकूंनी खोली कुठे आहे ते विचारलं. बेबी म्हणाली, "कळवीन नंतर."

कळवील का, टाळतेय का, हे काकूंच्या जिभेवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं आणि ती वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत तिथंच उभ्या राहिल्या.