काही रंगाची ओढणी

निळी, जांभळी, सोनेरी, धुरकट अशा शेकडो अम्मी माझ्या कॉम्प्युटरमध्ये होत्या, आणि त्यातली खरी कोणती हे मला सांगता येत नव्हतं. हे असं कसं झालं ते नीट सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, हा पक्का भैताड आहे.

बल्लारपुरात माझं छोटंसं दुकान होतं. लग्नपत्रिका, तेरवीची कार्डं, जुने फोटो मोठे करून फ्रेम, निवडणूक आली की पुढाऱ्यांचे बॅनर. दोन हजार साल उलटून थोडीच वर्षं झाली होती. दुकानाची अर्धी जागा कॉम्प्युटरला आणि अर्धी कूलरला. आमच्याकडचा उन्हाळा ज्याने पाहिला त्याला कूलरचं महत्त्व सांगायला नको, आणि ज्याने पाहिला नाही त्याने पाहूच नये.

तेव्हा नागपूरहून प्रिसेटच्या सीड्या यायच्या. प्रिसेट म्हणजे रंगाचा तयार मसाला. फोटो उघडायचा, प्रिसेटवर क्लिक करायचं, की फोटोचा सगळा नूर बदलतो. ऊन मावळतं, चेहरा गोरा होतो, कालची भिंत शंभर वर्षांची होते. मी सीड्या घेत सुटलो. फाईलींचा नुसता ढीग झाला, आणि नावं तरी कशी? ऑटम, व्हिस्पर, मूड सात. मूड सात! मग आधीचे सहा मूड कुठी गेले, बाप्पा? ऑटम म्हणजे पानगळ, हे डिक्शनरीत पाहिलं. आमच्याकडे पानगळ होते होळीच्या सुमारास, उन्हाने जीव नको होतो तेव्हा. त्या ऑटमकडे पाहून मात्र स्वेटर घालावंसं वाटायचं.

मग एका ओळखीच्या माणसाने या फाईली चाळायचं आणि लावून ठेवायचं एक सॉफ्टवेअर दिलं. सगळे प्रिसेट एका पडद्यावर दिसायचे, प्रत्येकाचा रंग लावलेला एक छोटा नमुना फोटो, आणि आपण त्यांचे गट पाडायचे. मला वाटलं, सुटलो. कसचं काय, आगीतून फुफाट्यात! लग्न, तेरवी आणि निवडणूक असे तीन गट मी मराठीत टाईप करून केले. पण लग्नात टाकलेला सोनेरी प्रिसेट तेरवीच्या फोटोलाही शोभायचा. एका जांभळ्यात नवरदेव आजारी दिसायचा आणि पुढारी देखणा. शेवटी वैतागून चौथा गट केला आणि त्याला नाव दिलं ‘काही’. काही म्हणजे काहीबाही. जे कुठेच बसत नाही ते त्यात कोंबायचं. पाहता पाहता तोच गट सगळ्यांत जास्त फुगला.

गिऱ्हाइकांना माझी ही कारागिरी पटायचीच असं नाही. मूल तालुक्यातल्या एका गावातले भाऊ आले होते, तलावात मासे धरून पोट भरणारे. पोरीच्या पत्रिकेवर त्यांना आपल्या तलावाचा फोटो हवा होता. मी लग्नाच्या गटातला सोनेरी प्रिसेट लावला. त्यांनी पत्रिका दूर धरली, जवळ धरली.

“भाऊ, आमच्या तलावाले कावीळ झाली काय?”

“सोनेरी आहे ते. लग्नाचा रंग आहे.”

“पाणी पाण्यासारखं राहू द्या ना भाऊ. मासोळ्या भेतीन.”

मी तोंड वाकडं करून पाणी पुन्हा पाण्यासारखं केलं. अडाणी गिऱ्हाईक, असं मनात म्हटलंसुद्धा.

आता अम्मीकडे येतो. त्या सॉफ्टवेअरमध्ये नमुन्याला एक टोपीवाली विलायती बाई होती. इतकी गोरी, की आमच्याकडच्या चेहऱ्यावर कोणता प्रिसेट काय दिवे लावेल ते तिच्यावरून कळायचंच नाही. नमुन्याच्या जागी आपला फोटो ठेवायची सोय होती. कॉम्प्युटरमध्ये अम्मीचा फोटो स्कॅन केलेला होता. चेहरा आमच्या रंगाचा, खांद्यावरून घेतलेली ओढणी, मागे स्टुडिओचा पडदा. तपासायला सगळं होतं, म्हणून तोच ठेवून दिला. आणि खरं सांगू? काम करताना अम्मी समोर असली की बरं वाटायचं. मी चौथीत असताना ती गेली. माझ्या धाकट्या बहिणीला, छोटीला, तेव्हा तीनही पुरी नव्हती. अब्बा कागद कारखान्यात पाळीवर जायचे, म्हणून त्यांची बहीण, आमची फूफी, घरी आली आणि तिनेच आम्हाला वाढवलं.

छोटीचं लग्न सिरोंच्याला ठरलं. आमच्यापासून लांब, पार तेलुगू बोलणाऱ्यांच्या मुलखात. पत्रिका मीच छापणार होतो. एक दिवस ती दुकानात येऊन कूलरसमोर बसली आणि म्हणाली, “भाई, मेरेको तेरेसे एकच चीज होना. अम्मी का फोटो दे. असली रंग का.”

आम्ही घरात हिंदी बोलतो, बाहेर मराठी, आणि डोक्यात दोन्हींची खिचडी. दुकानाच्या सवयीने माझ्या तोंडून घरातही मराठीच निघायचं. पण तिचं ते ‘असली’ कोणत्याही भाषेत काळजाला लागलं असतं. अम्मी आपल्याला जराही आठवत नाही, हे छोटीचं लहानपणापासूनचं दुखणं. आम्ही अम्मीच्या गोष्टी काढल्या की ती उठून जायची. तिला अगदी लहानपणचं एकच आठवायचं, आणि त्यातही अम्मी नव्हती. आपण पाण्याच्या आत आहोत, गार गार वाटतंय, वर ऊन हलतंय आणि भीती अजिबात नाही. आता ही पोर तलावात कधी पडली नव्हती, नदीत कोणी नेली नव्हती. घरात सगळे तिला मासोळी म्हणून चिडवायचे, आणि त्यात मी सगळ्यांच्या पुढे. आता माहेर सोडताना ती निदान अम्मीचा खरा चेहरा बरोबर नेणार होती.

“देतो ना, त्यात काय!” मी म्हणालो.

कागदावरचा फोटो काढून पाहिला. जुने रंगीत फोटो लाल पडतात, तसा तो पडला होता. ओढणी चहाच्या रंगाची दिसत होती, आणि ती तशी नव्हती एवढंच मला पक्कं ठाऊक होतं. म्हटलं, मला आठवतंय की. मी काय कुकुलं बाळ होतो? डोळे मिटले. तर डोळ्यांपुढे आली ती मूड सातमधली अम्मी! ती हाकलली तर व्हिस्परमधली. एकीची ओढणी निळी, एकीची डाळिंबी, एकीची राखाडी. रोज उठून तेच पाहत राह्यलो होतो ना मी! खरी अम्मी त्या गर्दीत कुठे हरवली, कळेना. मी घाबरलो. स्वतःच्या आईची ओढणी आठवू नये म्हणजे काय?

अब्बांना विचारलं, अम्मीची फोटोतली ओढणी कोणत्या रंगाची होती? त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मग म्हणाले, “अच्छी थी.” मी रंग विचारला होता. पण त्यांना पुन्हा विचारायची हिंमत झाली नाही.

राहिली फूफी. ती पोळ्या लाटत होती.

“फूफी, अम्मीची ती ओढणी कोणत्या रंगाची होती गं?”

“काही थी,” ती म्हणाली.

“काही म्हणजे? नीट सांग ना.”

“नीटच तो बोल रही. काही थी.”

“लाल? पिवळी? निळी?”

“लाल-पीली कायको? काहीच थी, बावा!”

काहीच! म्हणजे रंगच नव्हता की काय? माझं टाळकं सरकलं. “आठवत नसेल तर नाई म्हण ना, माझं डोकं काऊन खाते?” फूफीने लाटणं आपटलं. “कान में रुई भर के घूमता क्या रे?” झालं, दोघांचा अबोला. मी दुकानात येऊन प्रिसेटमागून प्रिसेट लावत बसलो. प्रत्येक अम्मी खरी वाटायची आणि पुढची पाहिली की आधीची खोटी ठरायची. छोटी रोज विचारायची, “हुआ क्या?” मी म्हणायचो, करून राह्यलो. ती उतरल्या चेहऱ्याने परत जायची.

लग्न तोंडावर आलं तेव्हा बांगड्या घेऊन फूफी आणि छोटी दुपारच्या दुकानात आल्या. फूफी माझ्याशी बोलत नव्हतीच. ती कूलरजवळ टेकली, पदराने मान पुसली आणि तिची नजर पडद्यावर गेली. अम्मीच अम्मी. ती उठून पडद्याजवळ आली.

“ये सब भाभीच है?”

“हो.”

फूफी मराठी शाळेत चार यत्ता शिकलेली. पडद्यावर वर लिहिलेलं तिने बोट लावून वाचलं. “का... ही.” मग माझ्याकडे गर्रकन वळली. “लिख के रखा है यहाँ, और मेरेसे लड़ता है?”

“अगं, ते काही म्हणजे काहीबाही. कचरा!”

“कचरा? काही मतलब काही! कपड़े का रंग!” तिने कपाळावर हात मारला, माझी मानगूट धरली आणि मला कूलरच्या टाकीवर वाकवलं. तळाशी शेवाळ धरलेलं होतं, काळपट हिरवं. “ये काई दिखती? इसका रंग. काही!”

आता डोक्यात उजेड पडला. हिंदीत शेवाळाला काई म्हणतात. त्या रंगाला फूफीच्या वेळच्या बायका काही म्हणत, काही कपडा, काही ओढणी. आता कापडवाल्यांनाही तो शब्द कळत नाही. फूफी बिचारी रंगाचं नाव सांगत होती आणि मी मराठीतलं काही ऐकून तिच्यावर डाफरत होतो. आणि तो ‘च’! आमच्या हिंदीत काहीच म्हणजे नक्की काही, दुसरा रंग नव्हे. मराठीत काहीच म्हणजे शून्य. फूफीला हसू आवरेना. मी ओशाळून खुर्चीवर बसलो.

प्रिसेट सगळे बंद केले. लाल पडलेला मूळ फोटो उघडला आणि हाताने रंग बसवू लागलो. फूफी मागे उभी. “और काला. नहीं, इतना नहीं. थोड़ा हरा.” करता करता एका ठिकाणी तिचं बोलणं थांबलं. मी मागे पाहिलं तर ती पदर डोळ्यांना लावून उभी. मला तेवढं पुरे होतं.

छोटी मात्र पडद्याच्या अगदी जवळ गेली होती. चेहरा पाहत नव्हती, ओढणी पाहत होती.

“फूफी, ये मोटी थी के पतली?”

“मलमल की थी. धूपकाले में भाभी भिगो के तेरे ऊपर डालती थी, खटिया पे. पूरी ढाँक देती थी. ऊपर छप्पर के कवेलू में से धूप आती, तू अंदर पड़ी पड़ी हाथ हिलाती थी.”

कूलर घरघरत होता. छोटीने तोंडावर हात घेतला. मग म्हणाली, “भाई, वो पानी नहीं था.”

मला रडू फुटलं. तिला चिडवलेलं सगळं आठवलं, ते पाण्यातलं ऊन, ती गार हवा आणि ती न वाटणारी भीती. आम्हा सगळ्यांपेक्षा अम्मीच्या जवळची आठवण त्या पोरीकडे होती, आणि ती अम्मीची आहे हेच कोणाला माहीत नव्हतं.

निकाहच्या दिवशी छोटी निघाली तेव्हा फ्रेम तिने कोणाकडे दिली नाही, छातीशीच धरून ठेवली. शेजारच्या काकू डोळे पुसत पुढे आल्या. लहानपणी या काकूंनी तिला खूप खेळवलं होतं.

“बाई, मायचं काही आठवते काय वो तुले?” त्यांनी विचारलं.

“काहीच, काकू,” छोटी म्हणाली.

“अरेरे, माय वो!” म्हणत काकूंनी तिला पोटाशी धरलं आणि हुंदके देऊ लागल्या. त्यांच्या खांद्यावरून छोटी माझ्याकडे पाहून हसत होती, डोळ्यांतून पाणी गळत असताना. काकूंना समजावून सांगायच्या भानगडीत मी पडलो नाही. मी तरी या खेपेला बरोबर ऐकलं होतं.