बिजागरीतला भात

खिडकीचा पल्ला खाली उतरवला की मी आधी बिजागरी बघतो. हँडल कितीही डगडगू दे, खरा बिघाड तिथेच कळतो. आमच्या मीरा-भाईंदरला एका अंगाला खाडी आणि दुसऱ्या अंगाला समुद्र, त्यामुळे बहुतेक घरांत गंज निघतो. कुठे कबुतराची पिसं, कुठे शेजारच्या बांधकामाचं सिमेंट. कुठे खोबरेल तेल. कुलूप जड झालं की लोक त्यात खोबरेल ओततात, मग त्यावर धूळ बसून आत काळा डिंक होतो. हे सगळं माझ्या ओळखीचं. पण त्या सकाळी गोडदेवच्या नव्या टॉवरमध्ये, नवव्या मजल्यावर, खालच्या बिजागरीच्या खाचेतून भात निघाला. शिजवलेला भात, वाळून खडा झालेला, त्याला मुंग्या.

वहिनी मागे उभ्या होत्या. खांद्याला ऑफिसची पर्स, हातात फोन, निघायची घाई.

"काय निघालं, भाऊ? नवीन खिडकी ना ही? वर्षसुद्धा झालं नाही. बंदच होत नाहीये नीट, सगळा रस्त्याचा आवाज आत येतोय."

"कचरा अडकलाय," मी म्हणालो आणि भात मुठीत धरला.

स्वयंपाकघराच्या दारात मावशी उभी होती. ती माझ्या मुठीकडे बघत होती.

हे घर मला परकं नव्हतं. टॉवर व्हायच्या आधी याच जागेवर मावशीचं कौलारू घर होतं आणि मागच्या बाजूला भाड्याच्या खोल्या. त्यातल्या एका खोलीत मी राहायला आलो तेव्हा मला मिसरूडही धड फुटलेलं नव्हतं. किनवटच्या पलीकडचं आमचं गाव, आठवीनंतरची शाळा लांब, आणि इंग्रजीशी माझं काही केल्या जमेना. मामाच्या ओळखीने इथे ॲल्युमिनियमच्या कारखान्यात लागलो. पहिल्याच पावसाळ्यात कावीळ झाली. खोलीतली बाकीची पोरं लागण होईल म्हणून दुसरीकडे झोपायला गेली. मावशी रोज पेज घेऊन यायची आणि मी ती संपवेपर्यंत उंबऱ्यावर बसून राहायची. जुन्या घरची बाई, शेती होती, मिठागरात वाटा होता, मला कोण विचारणार होतं? पण तिने विचारलं. गावाकडे आईला कळवलं ते मी बरा झाल्यावर. मी आज कुठे आहे, कसा आहे, याचा विचार करताना मला तो उंबरा आठवतो.

मग जागा बिल्डरकडे गेली, टॉवर उभा राहिला, मावशीला नवव्या मजल्यावर फ्लॅट मिळाला. दादा, म्हणजे तिचा मुलगा, जहाजावर नोकरीला; निम्मं वर्ष घरी नसतो. नातू पुण्याला शिकायला. वहिनी सकाळी अंधेरीला ऑफिसला जातात त्या रात्रीच परततात. दिवसभर मावशी आणि दुहेरी काचांच्या खिडक्या. त्या बंद केल्या की खालच्या रस्त्याचा एकही आवाज वर येत नाही. वहिनींना त्याचं फार कौतुक होतं, आणि का नसावं? दमून आलेल्या माणसाला शांतता लागते. मावशी म्हणायची, "कानात कापूस कोंबल्यावानी वाटते मला. कोन मेला कोन जगला, काय कलत न्हाय."

वहिनी गेल्या. मी मूठ उघडली.

"मावशी, हे काय?"

"भात हाय. डोले गेलं का तुझं?"

"बिजागरीत कसा आला?"

"मंग कुठं ठेवू? इथं आंगन हाय का कौलं हायेत?"

मला तेव्हा आठवलं. जुन्या घरी दुपारी भात झाला की पहिला घास कावळ्याला. ती कौलाच्या कडेवर ठेवायची, कावळा येऊन उचलायचा, मग ती ताट वाढून घ्यायची. काका गेल्यापासून तिने हे एकही दिवस चुकवलेलं नव्हतं. कावळ्याने घेतल्याशिवाय ती जेवत नाही, हे आम्हा भाडेकरूंनाही ठाऊक होतं. आम्ही पोरं हसायचो. ती म्हणायची, "हसा. तुमचा काका जेवल्याबिगर मी कवा जेवले का?"

इथे तिने जागा शोधली होती. खिडकीच्या बाहेर, डाव्या हाताला, एसीचं यंत्र ठेवायला सिमेंटची फळी आहे. तिच्यावर घास. पण ती फळी हाताच्या अंतरावर नाही. मी पल्ला तात्पुरता परत टांगला, तर मावशीने मला करून दाखवलं, मी नको नको म्हणेपर्यंत. पाट ठेवला, पाटावर चढली, डाव्या हाताने उघडा पल्ला धरला आणि कमरेपासून बाहेर वाकली.

मी तिला मागून धरलं. ती उतरली आणि म्हणाली, "एवढा घाबरट कसा रं तू? मिठाच्या टोपल्या घेऊन बांधावरून चाललीय मी."

तिला कसं सांगावं? तो पल्ला धरायचा नसतो. दुहेरी काचेचा पल्ला जड, आणि तो सगळा घडी होणाऱ्या दोन बिजागऱ्यांवर तोललेला. त्या बिजागऱ्या चार-दोन बारीक स्क्रूंनी प्लास्टिकच्या चौकटीत धरलेल्या. माणसाचं वजन झेलायला त्या केलेल्याच नाहीत. खालची बिजागरी का वाकली होती, ते मला आता कळलं. भात त्यात नंतर साचला होता. आधी ती वाकली होती तिच्या वजनाने, रोज थोडी थोडी.

मी दोन्ही बिजागऱ्या नव्या टाकल्या, जाड स्क्रू मारले. तिच्याकडून वचन घ्यायचा प्रयत्न केला.

"सुनेला सांगू नको हां पोरा. ती खिडकीच बंद करून टाकील."

मी हत्यारं पिशवीत भरली. मी होही म्हटलं नव्हतं आणि नाहीही.

दुसऱ्या दिवशी मी फुकटचं काम काढून परत गेलो आणि खिडकीला आतून रोधक बसवला. लहानशी पट्टी असते, ती लावली की पल्ला वीतभर उघडतो, पुढे जात नाही. मनाला म्हटलं, हवा येईल, आवाज येईल, हातही बाहेर जाईल, माणूस जाणार नाही. त्या रात्री मी नीट झोपलो.

आठवडा गेला असेल. जवळच काम होतं म्हणून डोकावलो, तर मावशीने चहाबरोबर बशीत मला ती पट्टी आणून दिली, स्क्रूंसकट.

"घे तुझी. चांगली हाय, दुसरीकडं लाव. सुरीच्या टोकानं निघाली."

मला हसू आलं. खिडकीशी गेलो. नव्या बिजागरीच्या खाचेत ओला भात होता.

तारांची जाळी लावावी तर खिडकी बाहेर उघडणारी. दोन तारांमधून दंड जात नाही, मग उघडलेला पल्ला परत ओढायचा कसा? बाहेरून ग्रिल लावायला सोसायटीची मनाई, इमारत सगळीकडून सारखी दिसली पाहिजे म्हणे. गच्चीवर घास ठेवायला तिला एकदा जाऊ दिलं होतं. मग कबुतरं जमली, तक्रार झाली आणि गच्चीच्या दाराला कुलूप लागलं. खाली गेटपाशी ठेवला तर वॉचमन झाडून टाकतो, त्याला तसंच सांगितलेलं आहे. मी प्रत्येक वाट चालून बघितली. उरल्या दोनच. गप्प बसायचं, नाहीतर सांगायचं.

रविवारी वहिनी घरी असताना गेलो आणि सांगितलं. मावशी आत देवपूजेला बसली होती. वहिनी ऐकता ऐकता सोफ्यावर बसल्या. रागावतील असं वाटलं होतं. त्या रडल्या.

"मी तिथे मीटिंगमध्ये बसलेली असते भाऊ, आणि या इथे अशा..." एवढंच म्हणाल्या. मग डोळे पुसून, "चावीचं हँडल येतं ना? ते लावा. सगळ्या खिडक्यांना."

मी लावलं. माझ्याच हातांनी, एकेक खिडकी. मावशी पूजेवरून उठून आली आणि शेवटच्या खिडकीपाशी मी स्क्रू आवळत असताना मागे उभी राहिली.

"झालं का काम?"

"झालं, मावशी."

"चावी कोनाकडं?"

"वहिनींकडे."

"चांगलं केलंस," ती म्हणाली आणि आत गेली. चहा आला नाही. इतक्या वर्षांत त्या घरातून मी चहा न घेता पहिल्यांदाच निघालो.

मला वाटलं होतं, चार दिवस रुसेल, मग होईल सगळं नीट. पण वहिनींचा फोन आला. मावशी दुपारची जेवतच नव्हती. स्वयंपाक करायची, झाकून ठेवायची, आणि रात्री वहिनी आल्यावर खिडकी उघडून द्यायच्या तेव्हा घास बाहेर ठेवायची. रात्री कुठला कावळा? मग दोन घास कसेबसे, वहिनींच्या समाधानाला. वहिनींनी सकाळी निघताना खिडकी उघडून दिली. तर मावशीचं म्हणणं, "तवा माझं रांधून कुठं झालेलं असते? कालचा शिला भात घालू का त्याला?" डॉक्टरांनी साखर कमी झाल्याचं सांगितलं होतं. एकदा ती ओट्याशी चक्कर येऊन बसली होती.

"उपाशी मारतेय मी त्यांना, असं वाटतं," वहिनी म्हणाल्या. "आणि उघडी ठेवली तर... भाऊ, दुसरी चावी तुमच्याकडे ठेवता का? तुम्ही इकडेच फिरत असता. दुपारी पाच मिनिटं. मी दुसऱ्या कोणाला देऊ?"

मी हो म्हटलं. माझ्या जागी कोणीही म्हटलं असतं.

पहिल्या दिवशी मी गेलो तेव्हा मावशीने दार उघडलं आणि "या" म्हणाली. मला. मी खिडकी उघडली, तिच्या हातातून घास घेतला. माझे हात लांब, मला वाकावं लागत नाही. फळीवर ठेवला. कावळा समोरच्या टाकीवर बसलेला होता. आला, तिरकं बघितलं, घेऊन गेला. मी खिडकी लावली, चावी फिरवली, खिशात टाकली. मागे ताट वाढल्याचा आवाज आला. ती पाठमोरी बसून भराभर जेवत होती, भूक लागलेल्या माणसासारखी. मला तिकडे बघवेना. मी बूट घालून निघालो.

हळूहळू ती पुन्हा पोरा म्हणायला लागली. टोमणेही सुरू झाले. "आला बघा, माझा जेलर." किंवा, "आज उशीर केलास, कावल्यानं तुझ्या नावानं बोंब मारली." मीही हसायचो. पण माझी दुपार आता माझी राहिली नाही. सकाळी कामाचा फोन आला की पत्ता ऐकायच्या आधी मी मनात अंतर मोजतो. मीरा रोड असेल तर ठीक. राई गावात असेल तर जमेल. वसईचं काम मी सरळ नाकारतो, कारण सांगत नाही. गावी आईला चार दिवस भेटायला जायचं मनात आहे, सणाला ती वाट बघत होती, गेलो नाही. तिला सांगितलं, काम फार आहे. ती म्हणाली, "असू दे बाबा, काम आहे तर चांगलंच आहे."

परवा समुद्राकडच्या चौक गावात एका घरी गेलो होतो. घरचे लोक सकाळीच लग्नाला निघणार होते आणि पुढच्या दाराचं कुलूप फिरेना. म्हटलं तासाभराचं काम. कुलूप खोललं तर त्याची आतली पेटी मिठाच्या हवेने पार खाल्लेली. दाते झिजून गेलेले, दारात वरपासून खालपर्यंत जाणारी दांडी अडकलेली. ती काढल्याशिवाय दार लागेना आणि दार न लावता घर टाकून जाताही येईना. घरची माणसं नवे कपडे घालून ओट्यावर बसलेली. बारा वाजून गेले, एक वाजला. मी बाजूला जाऊन फोन लावला.

"मावशी, मी चौकला अडकलोय. उशीर होईल."

"मंग होऊ दे. मी जेवले."

"जेवलीस? कावळ्याला..."

"जेवले म्हटलं ना. तू तुझं काम कर. लोकांची दारं उघडी टाकून येऊ नको." फोन ठेवला.

चावी माझ्या खिशात होती. खिडकी बंद होती. ती जेवली असेल तर काका गेल्यापासून पहिल्यांदा घास न ठेवता, आणि ते माझ्यामुळे. जेवली नसेल तर ती मला जपायला खोटं बोलली, तेही माझ्यामुळेच. स्क्रू हातातून दोनदा पडला. घरमालक म्हणाला, "आरामात करा, आमची घाई न्हाय," आणि ते ऐकून मला जास्तच सुचेनासं झालं. दांडी निघाली, पेटी बदलली, दार लागलं. त्यांनी चहाचा आग्रह केला. मी हात जोडले आणि गाडीला किक मारली.

गोडदेवला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. मावशीने दार उघडलं. टेबलावर ताट झाकलेलं होतं. झाकण मी उचललं नाही. तिने माझ्या हातात वाटी दिली, त्यात भात, वर थोडी डाळ. मी खिडकी उघडली. रस्त्याचा सगळा आवाज एकदम आत आला. घास फळीवर ठेवला.

टाकीवर कावळा नव्हता. वायरीवर नव्हता. मावशी माझ्या शेजारी येऊन उभी राहिली, पाटाशिवाय, एक हात माझ्या पाठीवर टेकवून. तिचा हात गार होता.

"जेवून घे, मावशी," मी म्हणालो. "आजच्या दिवस."

"थांब जरा. येईल."

खिशात फोन वाजत होता, पुढचं काम मीरा रोडला होतं, आणि त्यांना मी चारची वेळ दिली होती. मी तो वाजू दिला. हँडलवर हात ठेवून मी समोरच्या इमारतींवरून नजर फिरवत राहिलो, काळं काही हलतंय का ते बघत.